पहिले झिरो करा

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी भाकर मोजली. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते.

तापीनं माझं ताट काट्यावर ठेवलं, बटन दाबलं, टुक वाजलं. मग ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, भरीत आणि घट्ट दाळ. मी सवयीनं म्हणालो, "लाभ." मी जन्मभर शिंदखेड्याच्या बाजारात मापाडी होतो. शेतकऱ्याचा माल काट्यावर घ्यायचा आणि वजन पुकारायचं, हे माझं काम. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो.

"भाकरले बी लाभ?" ती म्हणाली. रोज म्हणायची.

"पहिलं माप कशाचंबी असो, ते लाभ."

"तीनशे दहा," तिनं वाचलं आणि वहीत 'वाढलं' या रकान्यात आकडा टाकला. मग काटा बंद करून परत लावला आणि तिची पितळी ठेवली. पितळी म्हणजे काठ असलेली खोल ताटली, पितळेची, तिनं सोनगीरहून आणलेली. तीत दाळ-भाकरीचा काला कुस्करून तयार. तीनशे बावीस.

"घ्या! मापाड्याला मागे टाकलं तू," मी म्हणालो.

"मंग! तुमना घरमा मी काय उपाशी शे का?"

जेवलो. माझ्या ताटात भाकरीचा कडक काठ उरला होता, दात नाहीत. तो तिनं मोजला, 'उरलं' या रकान्यात अकरा लिहिलं. तिचं कधी उरत नसे. वही मिटून तिनं काट्याखाली ठेवली आणि म्हणाली, "आज दुसरा दिन. उद्यानं मोजं, मंग झालं. एकबी दिन खाली जावाले नको."

मग दाराशी आडवी झाली. चार वाजता शेजारची अक्का दळणासाठी हाक मारायला आली. तापी उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेतच. जळगावहून भटू, आमचा मुलगा, बायकोला घेऊन आला आणि रात्रीच सगळं उरकलं.

आमच्यात नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची पद्धत नाही. सत्तेचाळीस वर्षं मी तिला 'भटूनी माय' म्हटलं. पण वाचणाऱ्याला कोण भटू आणि कोणाची माय? म्हणून नाव लिहितो. तापी. लिहिताना हात अडतो, तरी लिहितो. मी चौथी शिकलो आहे, ती दुसरीतून उठली होती. चुका असतील त्या समजून घ्या.

आता तुम्ही म्हणाल, मापाड्याच्या घरी भाकर मोजायचा हा काय नाद? नाद माझा नाही, तिचा. त्याची सुरुवात माझ्या साखरेपासून झाली.

मला साखर निघाली तेव्हा गावातल्या डॉक्टरनं धुळ्याला पाठवलं. तिथं मोठ्या दवाखान्यात एक मॅडम संशोधन करत होत्या. त्यांना नवरा-बायकोच्या जोड्या पाहिजे होत्या, एकाला साखर आणि दुसरा ठणठणीत. एकाच चुलीवरचं खाऊन एकाला साखर होते, दुसऱ्याला का होत नाही, हे त्यांना शोधायचं होतं. मी नको म्हणालो. तापी म्हणाली, लिहा नाव.

मॅडम आम्हाला समजावून सांगायच्या. शरीरात निरोपे फिरतात. पोटाचा निरोप डोक्याला जातो, डोक्याचा पोटाला. त्या निरोप्यांना हार्मोन म्हणतात. एक निरोप्या रक्तातली साखर घराघरात पोचवायला सांगतो. दुसरा पोट रिकामं आहे, खायला घाला, असं डोक्याला सांगतो.

तापीनं विचारलं, "निरोप्याच लबाड ऱ्हायना तर?"

मॅडम हसल्या. "आजी, बाबांचा निरोप्या लबाड नाही. तो दारावर थापा मारतोय, घरातले ऐकतच नाहीत."

तापीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हाई मले समजनं." बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

दर तीन महिन्यांनी धुळ्याला जायचं. त्याच्या आधी तीन दिवस घरी जे खाऊ ते मोजून वहीत लिहायचं. त्यासाठी मॅडमनी एक छोटा काटा दिला. पाटीएवढा, चपटा, काचेचा. मी मापाडी, मला तो काटा बघून हसू आलं. मी क्विंटलनं तोललेलं आहे. तापीनं मात्र तो दोन्ही हातांत घेतला आणि बसमध्ये सोनगीर येईपर्यंत मांडीवरून उतरवला नाही.

मॅडमच्या हाताखाली जेवणाचा हिशोब बघणारी एक पोरगी होती, नाशिककडची, तोंडानं फटकळ. तिनं काटा शिकवला. आधी रिकामं भांडं ठेवायचं, बटन दाबायचं, टुक वाजतं, आकडा झिरो होतो. मग पदार्थ टाकायचा. म्हणजे भांड्याचं वजन जातं, फक्त अन्नाचं उरतं. मी म्हणालो, ह्यात काय शिकवायचं? आम्ही त्याला बारदान वजा करणं म्हणतो. पोतं धरून जे वजन येईल त्यातून पोत्याचं वजन काढायचं. बारदान वजा न करणारा मापाडी चोर असतो. माझ्या काट्याला पस्तीस वर्षांत कोणी नाव ठेवलं नाही.

पण तापीला त्या झिरोचा जो नाद लागला, तो विचारू नका.

तीन दिवस मोजायचं तर ही रोज मोजायची. सराव पाहिजे म्हणे. अक्षर लिहायचा तिला कंटाळा, म्हणून आकड्याच्या बाजूला चित्र काढायची. गोल म्हणजे भाकर. गोलात टिंबं म्हणजे कळण्याची भाकर. टिंबं नुसतीच असली तर दाळ. देठ असलेला फुगा म्हणजे भरीत. पहिल्यांदा ती वही बघून फटकळ पोरगी म्हणाली, "आजी, तुम्ही फुगे खाता?" तापी म्हणाली, "वांगं शे ते. तुमना नाशिकले वांगं कसं ऱ्हास?" पुढं त्या पोरीला सगळी चित्रं पाठ झाली.

भाजी घ्यायला बाजारात जाताना काटा पिशवीत. भाजीवाल्यानं पावशेर मिरच्या मोजल्या की ही पिशवीतून काटा काढून ओट्यावर ठेवी. "पहिले झिरो करा तुमनं पारडं, मंग बोला." भाजीवाला हात जोडायचा. "आजी, दोन मिरच्या जास्त घ्या, पण काटा झाका. गिऱ्हाईक बघतंय."

भटूचे सासरे एकदा मुक्कामाला आले. चांगला खाणारा माणूस. तापीनं शेवभाजी केली होती. व्याह्यांचं ताट काट्यावर ठेवलं, टुक, मग वाढलं. दुसऱ्यांदा भाकर मागितली, तीपण मोजली. तिसऱ्यांदा भाजी मागितली तेव्हा ही मोठ्यानं म्हणाली, "व्याही, सहाशे चाळीस झायं." माणसानं हात आखडला. पाणी प्यायले आणि उठले. पुढं आमच्या गावी कामाला आले तरी जेवायची वेळ टाळून यायचे. मी तिला बोललो. ती म्हणाली, "मी काय नाव ठेवं का? मी नुसता आकडा सांगा."

भटू आणि सूनबाई दिवाळीला आले की एखादं भांडण घेऊन यायचे. हा म्हणायचा, तुझ्या माहेरचे असे. ती म्हणायची, तुमच्या कंपनीतले तसे. भटू पाइपाच्या कंपनीत आहे, त्याला कामावरून घरी आल्यावरही आवाज चढवून बोलायची सवय. तापी भाकर थापता थापता म्हणायची, "पहिले झिरो करा दोन्ही जणं. माहेर काढा, कंपनी काढा. मंग काय उरस ते बोला." बऱ्याच वेळा मागे काही उरायचंच नाही.

माझ्या बाबतीत तर ती पोलीस होती. एका लग्नात मी जिलेबी खाल्ली. दोन खाल्ल्या. घरी सांगितलं, वरण-भात खाल्ला. हिनं काही विचारलं नाही. महिन्यानं धुळ्याला गेलो तर त्या पोरीनं वही उघडली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, ही गोगलगाय कसली?" वहीत माझ्या बाजूला दोन वेटोळी काढली होती. बाजूला आकडा नाही, नुसती वेटोळी.

बसमध्ये मी भडकलो. "घरची माणसं चहाडी करतात का?"

"वहीमा खोटं लिखानं नही," ती म्हणाली. "मॅडमना अभ्यास शे तो."

"तुला कसं कळलं?"

"तुमना सदराले पाक लागेल व्हता."

धुळ्याच्या दिवसाला उपाशीपोटी पोचावं लागायचं. पहिल्या बसनं निघायचो. तिथं आधी रक्त घेत, मग पेलाभर साखरेचं पाणी देत, मग दर अर्ध्या तासानं परत रक्त. नळ्या बर्फात ठेवत, मग एका यंत्रात गरगर फिरवत. तापीनं काचेतून ते यंत्र बघितलं आणि बाकीच्या बायकांना सांगितलं, "रगतनं ताक करतस." मला सुईची चीड. ती हात पुढं करून बसायची, जसं बांगड्या भरायला बसते.

साखरेचं पाणी बाकी सगळे नाक दाबून पीत. ती घोट घोट पिऊन पेला उलटा करी आणि नर्सला विचारी, "आखो नही का?" मला तेव्हा त्याचं हसू यायचं. माझी साखर निघाल्यापासून आमच्या घरात साखरेचा डबा नव्हता. मी फिका चहा प्यायला लागलो त्या दिवसापासून तीपण फिकाच प्यायली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीपण विचारलं नाही, गोड पाहिजे का म्हणून. तीन महिन्यांनी एकदा धुळ्याला पेलाभर.

तपासणी झाली की बस स्टँडजवळच्या हॉटेलात जेवायचो. तिथंपण काटा पिशवीतून बाहेर यायचा. वेटर लांब उभा राहून बघायचा, त्याला वाटायचं सरकारी माणसं आहेत. आम्हाला रस्सा गरम मिळायचा. तापी त्या दिवशी नवी साडी नेसायची, केसाला तेल. मी एकदा म्हणालो, सुई टोचायला चाललो, लग्नाला नाही. ती म्हणाली, "तुमना संगे आखो कोठे गयतू मी?" मी आठवून पाहिलं. बाजार, मयत, लग्न, दवाखाना. लग्नाला बायका वेगळ्या गाडीत.

तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. मॅडमनी सुरुवातीला सांगितलं होतं, जोडी आहे तोवर नाव राहील. एकानं सोडलं, किंवा एकाच्या वहीत दिवस खाली गेला, की दोघांचं त्या वेळेचं सगळं बाद. सोबतच्या एका जोडीतला नवरा सुईला कंटाळून यायचा बंद झाला. त्याची बायको पुढच्या वेळी एकटीच येऊन बाकावर बसली. तिला परत पाठवलं. तापीनं ते बघितलं. त्या दिवसापासून माझ्या मागे, औषध घेतलं का, वही भरली का, एकबी दिन खाली जावाले नको.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. इतका वेळ हसवत बसलो, कारण ते सांगायला जीभ वळत नव्हती.

पहिल्या वर्षीची गोष्ट. त्या फटकळ पोरीनं आमची पहिली वही बघितली. माझी बाजू बघितली, ठीक म्हणाली. तापीची बाजू बघितली आणि पान उलटून परत बघितलं. पंच्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. एकशे दोन. एका जेवणाचं.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "आजींना पोटभर जेवायला देत नाही का तुम्ही?"

बाहेर बाकावर वीस माणसं. सगळ्यांनी वळून बघितलं. मी चिडलो. मी म्हणालो, माझ्या घरात धान्याच्या कोठ्या भरल्या आहेत, कोण अडवतं हिला? ती जेवत नसेल तर मी काय करू? पोरगी म्हणाली, "त्या जेवतात कधी, हे तरी माहीत आहे का तुम्हाला?"

माहीत नव्हतं. खरं ते लिहितो. आमच्या घरी आधी माणसं चौदा, त्यात तापी सगळ्यांत धाकटी सून. सगळ्यांचं झाल्यावर जे राहील ते खायचं. मग माणसं पांगली, कोणी वारलं, कोणी वेगळं झालं, भटू जळगावला गेला. आम्ही दोघंच राहिलो, तरी ती माझ्या नंतरच जेवायची, चुलीजवळ, माझ्याकडे पाठ करून. तिच्या पोटालाच तेवढ्याची सवय झाली होती. "मना पोटले इतलंच पुरस," एवढंच ती त्या पोरीला म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसलो. मला अपमान झोंबला होता. सोनगीर आलं तेव्हा तिनं एकदाच तोंड उघडलं. "मना मुळे तुमले ती पोर बोलनी. चार माणसंमा. आते परत कोणी बोलाले नको."

घरी आल्यावर मी हुकूम सोडला. उद्यापासून माझ्या शेजारी बसायचं, माझ्या बरोबर जेवायचं. ती बसली. मधे काटा, इकडे माझं ताट, तिकडे तिची पितळी. लग्नाच्या इतक्या वर्षांनी आम्ही एका ओळीत जेवायला लागलो. आणि पुढच्या वहीत तिचे आकडे चढले. तीनशे. तीनशे पंधरा. तीनशे वीस. पोरगी खूश. मला म्हणाली, "बाबा, सुधारलात." मी गावात सांगत फिरलो, मी सुधारलो म्हणून.

मॅडमना मात्र कोडं पडलं होतं. पोटातून डोक्याकडे जाणारा तो भुकेचा निरोप्या, त्याचं माप त्या रक्तातून काढायच्या. तापीचा आकडा दर वेळी वर. "आजी, वही म्हणते तुम्ही बाबांपेक्षा जास्त जेवता. रक्त म्हणतं तुम्ही उपाशी आहात. कोणावर विश्वास ठेवू?"

"मनं रगतच हावरं शे, मॅडम," तापी म्हणाली. "मी नही." मॅडम हसल्या. मीपण हसलो. एकदा वजनाच्या वेळी नर्सनं तिचा कमरेचा बटवा काढायला लावला. त्यात अडकित्ता, कुलूप, आणि अक्काच्या घरच्यापण किल्ल्या. सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसलो.

मॅडमनी परत विचारलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाबा, तुम्ही तर मापाडी. वजन बरोबर घेतात ना आजी?"

मी म्हणालो, "मॅडम, तिच्याइतका झिरो पाळणारं माणूस खानदेशात नाही."

हे असं चार वर्षं चाललं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं होतं. बायका मागच्या खोलीत, पुरुष ओट्यावर. घरात चूल पेटवायची नव्हती. अक्कानं तिच्या घरून भाकरी आणि पिठलं आणलं. ती निजायची त्या जागी दिवा लावलेला. सूनबाईनं तिच्या नावाचं पान ठेवायला भाकरीचा चतकोर मोडला.

मला एकच आठवत होतं. तिसरा दिवस आहे. वहीत खाली जाईल.

मी उठलो, फळीवरून काटा काढला आणि सगळ्यांच्या मधे ठेवला. व्याही आले होते, त्यांनी काटा बघून मान खाली घातली. भटू जवळ येऊन हळू म्हणाला, "आबा, आज राहू द्या ना."

"तिसरा दिवस आहे," मी म्हणालो.

सवयीनं मी दोन भांडी घेतली. माझं ताट आणि तिची पितळी. काट्यावर आधी हाताला आली ती पितळी. घासून ठेवलेली, कोरडी, रिकामी. बटन दाबायच्या आधी आकडा आला. दोनशे तीस.

मी वही उघडली. आदल्या दिवसाची दुपार. तीनशे बावीस. गोलात टिंबं.

मला लिहिता फारसं येत नाही, पण वजाबाकी मला झोपेतपण येते. ब्याण्णव.

मी मागं पान उलटलं. तीनशे अठरा. अठ्ठ्याऐंशी. तीनशे पंचवीस. पंच्याण्णव. सगळी वही मी बोटानं उतरत गेलो. पहिल्या वर्षीचेच आकडे होते ते. पितळीसकट लिहिलेले.

मग मला तो आवाज आठवला. आदल्या दुपारी माझं ताट ठेवलं तेव्हा टुक वाजलं होतं. तिची पितळी ठेवली तेव्हा वाजलं नव्हतं. काला करून भरलेलीच पितळी ती ठेवायची. चार वर्षं, दोन्ही वेळ, मी शेजारी बसून होतो, आणि आमचा काटा एकदाच वाजायचा. पस्तीस वर्षं मी पोत्याला हात लावून बारदान ओळखलं. शेजारच्या पितळीत वाकून बघितलं नाही. आकडा ऐकला आणि खूश झालो.

माझी दोन वेटोळी जिनं लपवली नाहीत, तिनं हे एक खोटं लिहिलं. मला कोणी चार माणसांत बोलू नये म्हणून.

"आबा, काय झालं?" सूनबाई म्हणाली. मी काट्यावर नुसती पितळी ठेवून बसलो होतो.

"पेन दे."

तिचे आकडे मी खोडले नाहीत. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं. 'मॅडम, तापीच्या बाजूला बारदान धरलेलं आहे. पितळी दोनशे तीस. पहिली वही सोडून सगळीकडे वजा करणे. रक्त खरं आहे.' खाली सही केली. बाजारात पावतीवर करायचो तशी, लपेटा मारून.

सूनबाई चतकोर घेऊन दिव्याकडे निघाली होती.

"थांब पोरी," मी म्हणालो. "तो ठेव."

"आबा, नावाला ठेवतात. एवढंच ठेवतात."

"आणखी किती दिवस एवढंच?"

माझा आवाज चढला असावा. अक्का पदर डोळ्याला लावून पुढं आली आणि टोपल्यातली वरची भाकर तिनं माझ्यासमोर धरली. गरम होती अजून. मी पितळी काट्यावर सरळ केली आणि बटन दाबलं. टुक. झिरो. मग अख्खी भाकर ठेवली, न मोडता, काठासकट. वर पिठलं वाढलं.

"लाभ," मी म्हणालो.

भाकरले बी लाभ, असं कोणी म्हणालं नाही.

दोनशे शहाऐंशी. तिच्या बाजूला 'वाढलं' खाली लिहिलं. बाजूला गोल काढला. माझा गोल तिच्यासारखा येत नाही, एका बाजूला चपटा झाला. 'उरलं' चा रकाना मोकळा ठेवला. पितळी दिव्याजवळ नेऊन ठेवली आणि परत येऊन बसलो. मग माझं ताट काट्यावर ठेवलं आणि बटन दाबलं. चार वर्षांनी आमच्या घरात काटा दोनदा वाजला.